नकाशावरचं उजाड

सप्तापुरातल्या मुकुंदरावांच्या घरात देवांपेक्षा नकाशे जास्त, असं त्यांची बायको भाग्यलक्ष्मी म्हणायची. मोजणी पथकात उभी हयात गेलेला माणूस. निवृत्त झाले तरी सुभाष रोडला भाजीला निघताना उत्तर कुठं आहे ते बघून मग चप्पल घालत. "माझ्या हातची रेघ कुणी खोडून दाखवावी," हे जेवणानंतर सुपारीइतकंच ठरलेलं.

सत्त्याण्णवच्या आषाढात अळनावरपलीकडच्या डोंगरातला भीमराव गवळी घोंगडी निथळत दारात आला.

"अण्णा, तुमच्या नकाशानं आमचा घात केला की हो. विजेचे साहेब म्हणतात, माथ्यावर 'उजाड' लिहिलंय, म्हणजे ओस; गाव खाली ओढ्यावर. खांब तिकडंच रोवणार."

"बरोबरच आहे. मी डोळ्यांनी बघितलंय. माथ्यावर नुसत्या भिंती, छप्पर कशालाच नाही."

"कधी बघितलंत?"

"वैशाखात. पावसात डोंगर कोण मोजतो?"

"वैशाखात आम्ही गुरं घेऊन ओढ्यावर झोपड्यांत असतो. वणवा लागेल म्हणून माथ्यावरच्या छपरांचं गवत उतरवून ठेवतो. बाकी वर्षभर माथ्यावरच. आता ओढ्यावर दिवे लावून काय खेकड्यांना उजेड दाखवायचा?"

आतून भाग्यलक्ष्मी हसली. "अहो, गाव माहेरी गेलं होतं तेव्हा तुम्ही घर बघून आलात!"

मुकुंदरावांना जेवण गेलं नाही. आयुष्यात रेघ चुकली नाही एवढीच काय ती त्यांची मिरवायची गोष्ट. पण खांब खाली गेले तर माथा कायमचा अंधारात, हेही दिसत होतं. शेवटी छत्री काढली आणि भीमरावामागं निघाले.

माथ्यावर त्यांच्या उजाडातून धूर निघत होता. त्यांच्या पायांच्या जळवा काढून भीमरावाची बायको यमुना म्हणाली, "बसा अण्णा. भिंतीला टेकू नका, नकाशात ती पडकी आहे."

परत आल्यावर ते विजेच्या कचेरीत गेले, साहेबांच्या टेबलावरचा नकाशा ओढला आणि 'उजाड' स्वतःच खोडलं.

खांब माथ्यावर चढले. पण तारा जोडायला माणसं आली ती वैशाखातच. वर चिटपाखरू नाही, छपरं नाहीत. तारवाले शिव्या देत परत फिरणार, तोच एका भिंतीच्या सावलीतून टोपी सावरत मुकुंदराव उठले.

"थांबा हो! गाव आहे. पावसाळ्यात येईल."