गोळ्यांच्या दिवसांत कात्री कोणाची

मास्तरांना दम्याचा राग होताच, पण त्याहून जास्त राग लोकांचा होता. त्यांचा आजार वाढला की गाल भरत, आणि गाल भरले की येणारा-जाणारा कौतुकाने म्हणे, तब्येत काय छान सुधारली हो मास्तर.

मास्तर म्हणजे शिंपीमास्तर. लोकरीचे बारीक तंतू, खडूची भुकटी, इस्त्रीची वाफ, असं दम्याला आवडेल ते सगळं त्यांनी दुकानात स्वतःच्या हाताने मांडून ठेवलं होतं. मधूनमधून छाती भरून येई, वाक्य पुरं करायला दोनदा थांबावं लागे, आणि मग डॉक्टरीणबाई थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून देत. गोळ्यांनी श्वास मोकळा होई. तेवढा सोडून बाकी सगळ्याची वाट लागे. जेवून हात धुतानाच मास्तर पुढच्या जेवणाची चौकशी करत. गाल फुगत, झोप उडे, बोटं थरथरत, आणि डोकं असं तापे की एकदा त्यांनी दुकानातल्या लाकडी पुतळ्याला, खांदे पाडून काय उभा राहतोस म्हणून झापलं होतं.

अशाच दिवसांत अंगात भलता उत्साह संचारून त्यांनी एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या बेतल्या. ट्रायलच्या वेळी उजवा हात आत जाईना, तर हात नीट घाला म्हणून गिऱ्हाइकालाच दटावलं. तेव्हापासून बायकोने नियम केला: गोळ्या सुरू, कात्री बंद. मास्तरांनी तो मानला नव्हता; फक्त कात्री ठेवायच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे होती.

आणि नेमकं याच वेळी बँडमास्तर कापड घेऊन आले. सगळ्या वादकांचे गडद निळे लोकरी कोट. या कामाकडे मास्तर कित्येक वर्षं डोळे लावून बसले होते. कापड अगदी मोजकं होतं, एक बाही चुकली तरी एक वादक उघडा. मास्तरांनी तागा उलगडला, दोन्ही हातांनी झटकला, आणि लोकरीचे तंतू छातीत गेले. दुसऱ्या दिवशी गोळ्या सुरू.

बायकोने कापड बेतायला आपल्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं; तोही शिंपीच. हा मेहुणा इतकं कमी बोले की घरात त्याला मौनीच म्हणत.

"अहो, टाचण्या लावा, बटणं लावा, काय हवं ते करा," ती म्हणाली. "कात्री नाही."

"दुकान माझं, कात्री माझी, हात माझे."

"हात सध्या गोळ्यांचे आहेत."

मास्तर स्टुलावर बसून बिस्किटं खात मेहुण्याचं बेतणं बघत राहिले. बाहीचा मुंढा खोल होतोय, कॉलर रुंद होतेय, खडू असा धरतात का, त्यांनी बोलायचं काही बाकी ठेवलं नाही. मौनी दरवेळी "बरं, भावोजी" म्हणे आणि स्वतःला हवं तिथेच कापी. ज्याच्याशी भांडताही येत नाही असा माणूस समोर असणं, हा गोळ्यांच्या दिवसांत फार मोठा छळ असतो.

शेवटी ते डॉक्टरीणबाईंवरच चाल करून गेले. श्वास मोकळा करतील आणि माणसाला माणसात ठेवतील अशा गोळ्या नाहीत का, म्हणाले. बाईंनी शांतपणे विचारलं, रोजचा पंप घेता का? मास्तर छताकडे बघू लागले. पंप बटणांच्या खणात असतो, हे बायकोने सांगून टाकलं. दम लागल्यावर एकदा ओढून पाहिला होता, काही उपयोग होत नाही त्याचा, असं मास्तरांचं मत पडलं.

"तो दम लागल्यावर घ्यायचाच नाही. दम लागू नये म्हणून रोज घ्यायचा."

"भोक पडायच्या आधी ठिगळ कोण लावतं, बाई?"

"अस्तर लावतात की."

मास्तर जास्तच चिडले. बाई पुढे सांगत होत्या की गोळ्या सकाळी खाऊन झाल्यावर घ्या, म्हणजे झोप तरी लागेल. मनाने मध्येच सोडू नका. आणि अशा सारख्या लागत राहिल्या तर हाडं, डोळे, रक्तातली साखर, सगळीकडून किंमत वसूल होते.

ट्रायलला बँडमास्तरांनी कोट चढवला आणि समोर बँड असल्यासारखे दोन्ही हात जोरात उचलले. बाही मनगटावरून हलली नाही. मास्तरांनी खांदा चाचपला, पाठ बघितली, गुडघ्यावर बसून खालची कड तपासली. खोट सापडेना. बँडमास्तर खूश होऊन म्हणाले, पुढच्या वर्षीचे कोटही इथेच. आणि मौनीकडे बोट दाखवून म्हणाले, "पण बेतायचं मात्र यांनीच."

त्या दिवशी मास्तर जेवले, पण चवीने नाही.

सकाळी बायकोला बटणांच्या खणाची खडखड ऐकू आली. मास्तरांनी पंप तोंडाशी धरला, ओढला, सांगितल्याप्रमाणे चूळ भरली आणि ती टक लावून बघतेय हे पाहून गुरकावले.

"बघतेस काय? हे कोट शिवून व्हायच्या आत मला कात्री घेऊन टेबलाशी उभं राहायचंय. मग तुझा भाऊ आणि त्याचा खडू, दोघंही आपापल्या घरी."

पंपाचा पुरता गुण यायला काही आठवडे लागतात, असं डॉक्टरीणबाईंनी तिला निघताना सांगितलं होतं. ते तिने नवऱ्याला त्या दिवशी सांगितलं नाही.