बारशाचं पोतं

त्या म्हाताऱ्याचं नाव मला माहीत नाही. पंचाहत्तर सालच्या सुमारास एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. तेव्हा परवान्याशिवाय तांदूळ राज्याबाहेर नेता येत नसे, आणि माझ्या पायाशी अर्धं पोतं होतं. पलीकडे मध्य प्रदेशात दुसऱ्या दिवशी भाचीचं बारसं होतं. त्या साली बहिणीकडे धान पिकलंच नव्हतं.

सीमेवरच्या बपेऱ्याच्या नाक्यावर तपासणीचे साहेब गाडीत चढले. गळ्यात शिट्टी, चेहऱ्यावर एकट्यानं सीमा राखल्याचा थकवा.

"परवाना नाही? उतरवा पोतं."

"बारशाचा तांदूळ आहे, साहेब," मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं शांतपणे पोत्याचं तोंड सोडलं, कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर तांदूळ हुंगून परत टाकला.

"साहेब, जर्मनच्या लढाईत मी बंदरावर हमाल होतो. लढाईत नसलेल्या देशाले जाणारी जहाजं गोरे अडवत. माल तिथंच खपते, का तिथून जर्मनले जाते, एवढंच पाहत. खपण्याइतका असला तं सोडत." मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "किती पानं, बापू?"

"दोनशे."

"मंग विकाले काय उरन, साहेब? कमीच पडन."

साहेबांनी टोपी सारखी केली आणि आरमाराला शोभेल अशा आवाजात म्हणाले, "जाऊ द्या."

पुढच्याच थांब्यावर म्हातारा उतरला. आभार मानायचे राहिले, ते आज मानतो.

बारशाच्या संध्याकाळी बहिणीनं रिकामं पोतं झटकून माझ्या हाती दिलं. शत्रूपर्यंत एक दाणाही पोचला नव्हता.