गाडी लागायच्या आधी

शेजारचा पोरगा इंटरनेटवरच्या वेबसाइटची नावं आधीच स्वतःकडं नोंदवून ठेवतो आणि पुढं विकतो. नकार द्यायचा असला, की आधी "व्हय" म्हणायची त्याची सवय.

"हा कसला रं धंदा?"

"आजी, एसटीत खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरत्यात, तसंच."

हे मला लगेच कळलं. तरुणपणी मी मेढ्याच्या गाडीत रुमाल टाकला आणि चुकून वाईच्या गाडीत चढून तिथं बसलेल्या बाईशी जागेवरून भांडले, तेही हिरिरीनं.

आम्ही तासगावच्या बायकांनी आमच्या बेदाण्याला नाव ठरवलं होतं. वेबसाइट काढायचं मात्र नुसतं बोलत राहिलो. ते नाव त्यानंच धरून ठेवलंय, हे परवा कळलं. एक व्यापारी तेच मागायला त्याच्या दारात आला, तेव्हा मी भिंतीआडून ऐकत होते.

"चांगला भाव देतो. विकायलाच धरलंयस ना?"

"व्हय," तो म्हणाला, आणि माझा जीव भांड्यात पडला.

"पन ही जागा आजींच्या गटासाठी धरलीया, शेठ. त्यास्नी चढायला जरा उशीर हुतोय, एवढंच."

संध्याकाळी सगळ्या बायकांना अंगणात बोलावलं. म्हटलं, "चला गं, आता चढायचं."