मार्गशीर्षातलं सुतक

गेल्या मार्गशीर्षात आमच्या खरवईच्या वॉर्डातून माझी सून चैत्राली नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी होती. ती हरली. लोक भेटले की अजून हळहळतात आणि मला बोलताना नीट सांगता येत नाही. म्हणून लिहून बघतो.

तिला नगरसेविका व्हायचं नव्हतं, असं मी म्हणणार नाही. खूप व्हायचं होतं. आमच्या भागात एक दिवसाआड पाणी येतं, तेही बारीक धारेनं. त्यासाठी कित्येक वर्षं ती पालिकेत खेटे घालत होती. "बाबा, टेबलाच्या अलीकडे उभं राहून काही होत नाही. पलीकडे बसायला हवं," असं ती म्हणे. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, पक्षानं तिकीट दिलं, त्या दिवशी माझ्या पाया पडून उठली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

प्रचाराची सूत्रं पक्षाच्या हरेशकडे होती. तरुण, धडपड्या मुलगा. तो म्हणाला, "ताई, भाषणं सगळेच ठोकतात. आपण गुरुवार पकडायचे." मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरोघरी बायका महालक्ष्मीचा घट मांडतात आणि शेजारणींना हळदीकुंकवाला बोलावतात. चैत्रालीनं घरोघर जायचं, घटाला हात जोडायचे, कुंकू लावून घ्यायचं, दोन शब्द बोलायचे. पहिल्या गुरुवारी ती एवढ्या घरांत जाऊन आली की हरेश खूश होऊन म्हणाला, "काका, सीट आली समजा!"

त्याच आठवड्यात सुंदराबाईंना धाप लागली.

सुंदराबाई आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर भाजी विकायच्या. नवरा मोरिवलीकडच्या एका कारखान्यात होता, तो गेला. मूलबाळ नाही, गावाकडेही कुणी उरलं नव्हतं. माझी नात सई लहान असताना माझा मुलगा गंधार आणि चैत्राली दोघंही कामावर असायचे. शाळेची गाडी आली की सुंदराबाई तिला उतरवून घ्यायच्या, भाजीच्या पोत्यावर बसवायच्या आणि हातात गाजर द्यायच्या. पुढे सई मोठी झाली, तरी गाजर चालूच राहिलं.

चैत्रालीनं त्यांना दवाखान्यात भरती केलं. दिवसभर प्रचार करून संध्याकाळी ती तिथे जायची. एकदा मीही बरोबर होतो. सुंदराबाईंनी तिचा हात धरून ठेवला होता.

"पोरी, मरायचं भ्या न्हाई मला. पन बेवारस म्हनून नगं जाळू देऊ. कुनीतरी आपलं मानूस लागतं गं."

"मी आहे ना," चैत्राली म्हणाली. "तुमचं सगळं मी करीन."

"शबूद दे."

तिनं दिला. बुधवारी सकाळी सुंदराबाई गेल्या. दवाखान्यातून फोनवर विचारलं, नातेवाईक कोण? चैत्राली म्हणाली, "मी."

बातमी कळताच हरेश आमच्या घरी धावत आला. उद्या दुसरा गुरुवार होता.

"ताई, काय टेन्शन नाय. माणसं पाठवतो, हार, गाडी, सगळं जोरात करू. फक्त अग्नी तुम्ही देऊ नका. दहा दिवसांचं सुतक लागेल, मतदान त्यातच आहे. उद्या कोण बाई तुम्हाला घटाजवळ उभी करील?"

मी पुटपुटलो, "मी देतो हवं तर अग्नी."

"बाबा, शब्द त्यांनी माझ्याकडून घेतलाय."

हरेशनं आवाज खाली आणला. "बरं, मग तुम्हीच द्या. पण सुतक पाळू नका. तुम्ही शिकलेल्या, कुठे मानता हे सगळं? गुपचूप आटपू. कुणाला कळतंय?"

चैत्रालीनं खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या चौकात तिचाच मोठा फोटो लागला होता. मग म्हणाली, "मी नाही मानत, हरेश. पण त्या बायका मानतात. त्यांनी घट मांडलेला असणार आणि मी लपवून त्यांच्या देवापुढे जाऊ? आणि सुंदराबाईंना चोरून पोचवू, बेवारस असल्यासारखं?"

"म्हणजे सीट सोडली तुम्ही."

"सीट हवीच आहे मला. पण अशी नको."

हरेश चप्पल घालता घालता रागानं म्हणाला, "मग घरातच बसा!"

ती बसली नाही. खांद्यावर मडकं घेऊन स्मशानात तिनं सुंदराबाईंना प्रदक्षिणा घातली आणि अग्नी दिला. बायकांनी असं करावं का, अशी कुजबुज मागे झाली, ती मीही ऐकली. पुढचे दिवस ती कुणाच्या दारात गेली नाही. समोरच्या पक्षाच्या बाई मात्र घरोघर कुंकू लावून घेत फिरल्या. निकाल लागला त्या रात्री चैत्राली जेवली नाही. सई तिच्याजवळ नुसती बसून राहिली.

दहाव्याला आम्ही उल्हास नदीवर गेलो. हरेशही आला, न बोलावता. पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरतो न सरतो तोच कावळा शिवला.

"बघा ताई," हरेश म्हणाला, "हा लगेच आला. मतदार असा आला असता तर!"

चैत्राली हसली. निकालानंतर प्रथमच.

शेवटच्या गुरुवारी, उद्यापनाच्या दिवशी, आमच्या दाराची बेल दुपारपासून वाजू लागली. "चैत्राली, आमच्याकडे ये हं." "आधी आमच्याकडे." आता कुणाला मत द्यायचं नव्हतं, कुणाला मागायचं नव्हतं. दिवेलागणीनंतर ती घरी आली तेव्हा तिच्या कपाळावर कुंकवाचा थर बसला होता, थोडं नाकावर सांडलं होतं, आणि ओटीत फळं मावत नव्हती. त्यात कुणीतरी गाजरं घातली होती. सईनं त्यातलं एक उचललं आणि आत गेली.

पाणी अजून एक दिवसाआडच येतं. चैत्राली अजून टेबलाच्या अलीकडेच उभी राहते, आणि भांडते.

मी चारचौघांत मागे राहणारा माणूस. पण परवा बाजारात एका अनोळखी बाईनं विचारलं, "तुम्ही त्या पडलेल्या उमेदवाराचे कोण?" तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सुंदराबाईंना अग्नी देणाऱ्या चैत्रालीचा मी सासरा."