एक बिडी होऊ द्या

"एक बिडी होऊ द्या, मॅडम," असं म्हणून आमचे व्हॅनवाले शाळेतून परतताना तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गाडी उभी करत. मग मागं वळून पोरांना बजावत, "मोजे बुटात कोंबा, बूट गाडीत ठेवा. घोट्याच्या वर पाणी नाही पाहिजे." दार सरकलं की गाडी रिकामी.

मी लाखनीच्या एका शाळेत शिकवते. आमच्या गावची पोरं ज्या व्हॅननं शाळेत जात, तिच्यातच पुढच्या सीटवर माझी सोय होती. ती व्हॅन ते चालवत. घर ढिवरांचं, वाडवडील याच तलावात जाळं टाकणारे. पोरं त्यांना मामा म्हणत, मी भाऊ. माणूस तसा गरीब, पण या एका बाबतीत महाहट्टी.

तुम्ही म्हणाल, बिडी चालून चालून किती चालणार? खरी लबाडी तिथंच होती. ते बिडी पेटवत आणि ओढतच नसत. न ओढलेली बिडी विझते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. "इझली वाटते," म्हणत ते काडीपेटी चाचपत बसत.

"भाऊ, उशीर होऊन राहिला," मी म्हणायची.

"बिडी झाली कुठं अजून?"

एकदा विचारलंच, "पण रोज काहून थांबता?"

"माहा आजा या वयात ढोरं राखे. त्याचा आजाही राखे. बाप जाळं ओढे. मी शाळा बुडवून शिंगाडे काढो. कामं बदलले, मॅडम, पण सांजच्याले सगळ्यायचे पाय ओले राहत. आता पहिल्यांदाच पोट्टे कोरडे घरी जाऊन राहिले."

तलाव शेकडो वर्षांचा, तेव्हा हिशेब त्यांचा चुकीचा नसावा. पण मला जुन्या काळाचं फारसं कौतुक नाही. माझ्या आईला पहिलीच्या वयात धानाच्या रोवणीसाठी बांधीतल्या चिखलात उभं केलं होतं, आणि ती काही मौज नव्हती. तसं मी त्यांना सांगितलं. "तेही खरंच आहे," म्हणाले आणि विझलेली बिडी पुन्हा पेटवली.

पहिलीतली एक मुलगी सुरुवातीला खाली उतरेचना. "शूज घाण होते," म्हणायची. त्यांनी आग्रह केला नाही. "बस मग इथंच. बिडीवर ध्यान ठेव. झाली का मले सांग." तिनं ते काम फार मनावर घेतलं. बिडीकडं बघत बसायची आणि "झाली!" म्हणून ओरडायची. दिवाळीनंतर एका दुपारी ती ओरडलीच नाही. पाहते तर छोट्या बाईसाहेब चिखलात पाय रोवून उभ्या, आणि बिडी कधीची संपलेली.

त्या चिखलाचे शिंतोडे घरी पोचले. एका रविवारी पालकांनी त्यांना समाजमंदिरात बोलावलं. सगळ्यांत जास्त तापला होता तो त्या मुलीचा बाप. तो आणि आमचे भाऊ, दोघं लहानपणी याच पाण्यात डुंबलेले.

"म्हशी धुतल्या म्या तिथं," तो म्हणाला. "गुडघ्याएवढ्या चिखलात जिंदगी गेली. माह्या पोरीले तो चिखल लागू नये म्हणून तर फी भरून राहिलो. अन् पाणी आहे ते. काही झालं म्हणजे?"

"बरोबर आहे तुमचं," एवढंच आमचे भाऊ म्हणाले. ठरलं ते असं: यापुढं गाडी पाळीवर थांबली, तर त्यांची गाडी बंद. त्यांचं घर त्या व्हॅनवरच चालत होतं, आणि हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

काही दिवस गाडी सरळ गेली. पाळ मागं पडेपर्यंत पोरं काचेला नाक लावून असायची. मग एका दुपारी पाळीवर त्यांनी गाडी बाजूला घेतली. "इंजन तापलं वाटते, मॅडम." दुसऱ्या दिवशीही तापलं. भर हिवाळ्यात, रोज त्याच जागी! मी बापडी गप्प राहिले. पण पोरांच्या पोटात काही राहतं का? त्यांनी घरी सांगितलंच.

जानेवारी लागताच पालकांनी दुसरी बस ठरवली. पिवळी, मोठी, काचा बंद. त्यांनी तक्रार केली नाही, कुणाची मनधरणीही केली नाही. व्हॅन विकली. आता कुणाच्या तरी टेम्पोवर भंडाऱ्याला भाजीपाला नेतात, असं ऐकते. भेट नाही.

नव्या बसचा पहिला दिवस. परतताना पाळ जवळ आली, तसा मागून बुटांचे पट्टे उघडल्याचा चर्र चर्र आवाज आला. ती मुलगी मोजे बुटात कोंबून, उघड्या पायांनी दाराशी येऊन उभी राहिली. बस वेग कमी न करता पाळ ओलांडून गेली.

"मॅडम, आज बिडी नाही का?"

मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. "नाही, बेटा," मी म्हटलं.

ती जागेवर जाऊन बसली आणि तळपाय झटकून मोजे चढवू लागली. झटकायला पायांना काही लागलेलंच नव्हतं.