पडद्याआडून वाजवायचं

"उचल ते डफडं. आधी उचल तिथून!"

आमच्या कलामंडळाचे साहेब मॉस्कोत ओरडत होते, पण आवाज थेट आमच्या गावच्या पाटलाचा. मी एवढं आभाळ ओलांडून आलो. भीतीनं पोट दुर्ग स्टेशनावरच राहिलं, बाकीचा मी विमानात बसलो. अन् पाहतो तर पाटील माझ्याआधी हजर.

झालं होतं एवढंच. तिथल्या थंडीनं डफड्याचं कातडं सैल पडलं होतं. थाप मारली तर भिजल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज. डफडं शेकल्याशिवाय बोलत नाही. नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत भिंतीला गरम पाण्याच्या जाड नळ्या होत्या, तिथं मी ते टेकवून ठेवलं. शेजारच्या टेबलावर साहेबांनी गणपतीची तसबीर मांडून वाद्यांची पूजा केली होती. पेटी, तबला, घुंगरं, सगळ्यांना हळदकुंकू.

"देवाजवळ चामडं ठेवतोस? काही अक्कल?"

मी तबल्याकडं पाहिलं. कुंकू लावून ऐटीत बसला होता. त्याला काय ज्वारीच्या पापडानं मढवलं होतं?

मला ते कुंकू नकोच होतं. नागपुरात दीक्षा घेतली त्या दिवशीच आम्ही त्या देवांचा निरोप घेतला. पण मी नको म्हणणं वेगळं, अन् साहेबांनी माझं डफडं लाथेनं सरकवणं वेगळं. हो, लाथेनं. बुटासकट.

डफडं बापाचं. बाप गावचा महार. लग्नात मांडवाबाहेर उन्हात उभा राहून वाजवायचा, अन् उरलंसुरलं उकिरड्याच्या कडेला बसून खायचा. भिलाईत रशियाच्या मदतीनं पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा बाप गेलेला. मी खुर्सीपारला झोपडी टाकली अन् ठेकेदाराकडं लोखंड वाहू लागलो. डफडं गाठोड्यात आणलं होतं. मायनं पाहिलं.

"चुलीत घाल ते."

"माय, डफड्याचा का गुन्हा हाये?"

 मी वाजवायला बसलो की ती उठून बाहेर जायची.

माझ्या वाजवण्याबद्दल मी तिळभर वाढवून सांगत नाही. भट्टीच्या धगीवर शेकून पहिली थाप दिली, की कारखान्याच्या चिमणीवरचे कावळे उडायचे ते थेट लांबच्या उतई गावात जाऊन बसायचे. एक रशियन इंजिनिअर ऐकून असा नाचला, की त्याची टोपी अजून सापडली नाही. त्यानंच हट्ट धरला. म्हणाला, कारखान्याच्या टाउनशिपचं कलामंडळ आमच्या देशात कार्यक्रमाला चाललंय, तर हे डफडं आलंच पाहिजे. मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे हेच साहेब. त्याच्या तोंडावर हो म्हणाले.

लाथ मारून झाल्यावर त्यांनी पोटातलं काढलं.

"तू मागच्या काळ्या पडद्याआडून वाजवायचं. मुली पुढं नाचतील. आवाज तेवढा येऊ दे."

"कावून साहेब?"

"आपली संस्कृती जरा नीटनेटकी दिसायला हवी."

"अन् म्या दिसलो त?"

"तुला इथं आणलं कोणी? तिकीट, पासपोर्ट सगळं माझ्या खिशात आहे."

"राहू द्या तिथंच. म्या पायी जातो, दुर्ग विचारत विचारत."

तबलजी हसला. मग हसायचं नाही हे त्याला आठवलं.

बोलायला काय लागतं. पण मुलूख परका, भाषा परकी, माय खुर्सीपारला एकटी. वाजवून टाकावं, पडद्याआड अंधारात कोण पाहतो? पण बापही असंच काही मनाशी म्हणून जन्मभर मांडवाबाहेर उभा राहिला असेल.

डफडं मी दुसऱ्या नळीशी नेऊन शेकून घेतलं. पुढचा पडदा उघडला. मुली एकेक पाय उचलून उभ्या. डफड्याची थाप पडल्याशिवाय तो पाय खाली यायचा नव्हता. मी थाप दिली नाही. मुलींचे पाय थरथरायला लागले. साहेब विंगेत दात खात हात हलवत होते. मी डफडं गळ्यात अडकवलं, काळा पडदा बाजूला सारला, अन् वादकांच्या गालिच्यावर तबल्याच्या शेजारी, भर उजेडात जाऊन उभा राहिलो.

मग वाजवलं. असं वाजवलं की छताचा चुना गळाला. मंडळातले लोक सांगतात, त्या छताला चुनाच नव्हता. कसा असेल? मी गाळला ना.

टाळ्या पुष्कळ पडल्या. त्या टाळ्यांनी बापाचं ऊन काही उतरलं नाही. परतीच्या विमानात माझ्या शेजारी कोणी बसलं नाही, अन् भिलाईत पोचताच साहेबांनी मला मंडळातून काढलं. माफी मी मागितली नाही.

पुढच्या हिवाळ्यात मंडळाचा कारकून दारात आला. पोलंडचं बोलावणं होतं, अन् त्यांना डफडं हवंच होतं. साहेबांचा निरोप होता: माफी माग, पडद्याआडून वाजव, झालं गेलं विसरू.

मी तोंड उघडणार, तोच तांदूळ निवडत बसलेली माय बोलली. मान वर न करता.

"डफडं पायजे असन, त मानूस संगं न्या लागते."