मार्सेयचा शिक्का घेऊन सांगलीला

सांगलीच्या प्रदर्शनात आत्याची फ्रेंच तिकिटं मांडायचं ठरलं आणि माझी झोप उडाली. शाळेआधी मला अक्षरं आत्यानंच शिकवली, पोस्टाच्या तिकिटांवरून. ही तिकिटं पहिल्यांदाच घराबाहेर पडत होती.

साताऱ्याहून सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं भाडं आहे. चहा कराडलाच घ्या. पेठ नाक्यावरून आत वळलं की रस्ता कप हातात राहू देत नाही. दोन्हीकडे ऊस, आणि माझ्या मांडीवर अल्बम.

"तान्हं बाळ धरल्यासारखी काय बसलीस? श्वास तरी घे," आत्या म्हणाली.

स्टँडवरून ऑटोनं साठ रुपये घेतले. सभागृहाच्या खिडक्या मोठ्या. मांडामांड करताना ऊन थेट तिकिटांवर आलं.

नवख्यांसाठी सांगते. दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये प्रत्येक पोस्टाला एक आकडा असे. ठिपक्यांच्या, शंकरपाळ्याच्या आकाराच्या शिक्क्यात तो उमटे. आकडा वाचायचा आणि यादीत गाव शोधायचं. आकडे बारीक की मोठे तेही बघायचं, कारण दोन्हींच्या याद्या वेगळ्या. आत्याच्या लाडक्या निळ्या तिकिटावर मोठ्या आकड्यांत २२४०, म्हणजे मार्सेय. त्या बंदराचं वर्णन ती माहेर असल्यासारखं करते.

उन्हात भिंग धरलं आणि आकडा पुन्हा वाचला. इंग्रजी चारची (4) फक्त उभी रेघ शिक्क्याच्या काळ्या शाईची होती. बाकीच्या रेघा तिकिटावरच्या चित्रातल्या, निळ्या. आकडा २२१० सुद्धा असू शकत होता, म्हणजे दुसरंच गाव. परीक्षक येण्याच्या बेतात होते. गप्प बसले तर खात्री नसलेलं नाव भिंतीवर लागणार. बोलले तर आत्याचं तोंड उतरणार.

"आत्या, हा चार नसेलही."

तिनं भिंग घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. "मग इतकी वर्षं मी लोकांना बोटीत बसवून कुठं नेत होते?"

"मार्सेय नाहीच, असंही नाही."

"पण आहेच, असंही नाही ना? काढ ते नाव."

मी नवी चिठ्ठी लिहिली : 'आकडा अर्धवट, गाव निश्चित नाही.' परीक्षकांनी ती वाचली, मान हलवली आणि पुढे गेले. बक्षीस मिळालं नाही. गर्दी मात्र तिथंच जमली; ज्याला त्याला तो आकडा वाचून बघायचा होता.

कुंडलहून आलेले एक आजोबा भिंगावरून मान वर करत म्हणाले, "आवं ताई, गाव सापडत न्हाई तर कुंडल लिवा की. आमी कुनाला सांगत न्हाई."

"कुंडलला बंदर आहे का?" आत्यानं विचारलं.

"बंदर न्हाई, पर हिरीला पानी लय हाय."

आत्या इतकी हसली की मलाही हसू आवरेना. येताना भडंग घेतलं. घरी पोचेपर्यंत अर्धंच उरलं.

या फेरीतून काय उरलं? बंदर गेलं, हे खरं. पण रात्री हातपाय धुऊन आत्या अल्बम घेऊन आली आणि पुढचं पान माझ्यासमोर उघडलं.

"हा शिक्का आधी तू वाच. मी बोलणार नाही."

आजवर ती वाचायची आणि मी लिहून घ्यायचे. मी वाचायला घेतलं. ती खरंच बोलली नाही, नुसती चुळबुळत राहिली.